छातीच्या फोटोचा तीर

रूपजीबाबा, तो तीर मला सापडला होता.

तुम्ही होतात तोवर हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पाच आठवडे दर रविवारी मी तुमच्या ओट्यावर येऊन बसले, तुमच्या बायकोच्या, सकूमावशीच्या हातचा कोरा चहा प्यायले, भाताच्या, पावसाच्या गप्पा मारल्या, आणि तो तीर तुमच्यापासून चार हातांवर, माझ्या धनुष्याच्या पेटीत फोमखाली पडून होता. आता तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. गेलेल्या माणसाला खरं सांगायला कसलं आलंय धाडस, असं कोणी म्हणेल. लागतं धाडस. काल तुमच्या पाड्यावर जाऊन आले म्हणून आज लिहायला बसले आहे, नाहीतर आजही बसले नसते.

आपली ओळख मुळात तुम्ही माझी टर उडवलीत तिथून झाली. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमागे बोईसरला आले आणि इथल्याच एका कारखान्यात तपासणी खात्याला चिकटले. दिवसभर लोखंडी दांडे मोजायचे आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. तुम्ही त्याच कारखान्याचे माळी. चाळिशी उलटल्यावर मला नेमबाजीचं वेड लागलं तेव्हा नवरा म्हणाला, "या वयात बायका योगासनं करतात." मी ऐकते थोडीच. साहेबांची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी बॉयलरच्या मागे पॅकिंगच्या फोमचे थर रचले आणि नवं कोरं कंपाउंड धनुष्य घेऊन उभी राहिले. तुम्ही हातात पाण्याचा पाइप घेऊन मागे थांबला होतात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "बाय, ह्यो कमठा हाय का सायकल?"

कारण माझ्या धनुष्याला दोन टोकांना दोन चाकं. मीही नव्या नवरीने दागिने दाखवावेत तसं सगळं दाखवलं. ही चाकं फिरली की ताण उतरतो. ओढताना चाळीस पौंड, पण पूर्ण ओढल्यावर हातात उरतात दहाच. मग हवा तेवढा वेळ धरून ठेवायचं, एक डोळा मिटायचा, दोरीत बसवलेल्या भोकातून बघायचं, समोरच्या साइटचा हिरवा ठिपका निशाणावर आणायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि मनगटाच्या पट्ट्याला लावलेला घोडा हळूच दाबायचा. बोटांनी दोरी सोडायचीच नाही, बोटं थरथरतात. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "आनि जनावर तवर थांबतं?"

मला राग आला होता, खरं सांगते. पुढच्या सुट्टीला तुम्ही तुमचा कमठा घेऊन आलात. छातीएवढ्या उंचीचा, बांबूचा, चुलीच्या धुराने काळा झालेला. तुम्ही नीट उभेसुद्धा राहिला नाहीत. गुडघ्यात वाकलात, दोन्ही डोळे उघडे, दोरी गालापर्यंत न आणता छातीपर्यंतच ओढलीत आणि ओढता ओढताच सोडलीत. मधे थांबणं नाही, नेम धरणं नाही. तीर माझ्या मधल्या ठिपक्यापासून वीतभर अंतरावर घुसला. मी टेप काढून मोजलं, तुम्ही हसत होतात. मग पन्नास पावलांवर माझे तीर तुमच्यापेक्षा सरस लागले आणि तुम्हीच निवाडा केलात: "लांबचा तुजा, जवलचा माजा." तेव्हापासून मी तुमच्या पाड्यावर यायला लागले. मनोरच्या रस्त्याने स्कूटी घेऊन निघायचं, डांबर संपलं की आत वळायचं, आणि पेटी पाहून रस्त्यावरच्या कामगारांनी "मॅडम, कौनसा बाजा है?" विचारलं की हसून पुढे जायचं.

तुमच्या माळ्यावर तिरांची एक जुडी होती. त्या जुडीत तुमच्या तीन पिढ्या होत्या. सगळ्यांत जुन्या तिरांना गिधाडाची पिसं. गिधाडाचं पीस पावसात मऊ पडत नाही, म्हणालात, पण गिधाडंच उरली नाहीत. मग कोंबड्याची पिसं आली, ती भिजली की तीर वाकडा जातो. टोकाचा फाळ आधी लोहार घडवायचा, नंतर तुम्ही कारखान्याच्या भंगारातली मोडकी करवतीची पाती घासून फाळ करायला लागलात. दोरी तुमच्या वडिलांच्या वेळी बांबूच्या सालीची, तुमच्या वेळी किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून आणलेल्या जाळ्याच्या नायलॉनची. आणि पाखरांसाठी लाकडी बोंड लावलेले बोथट तीर, कातडं फाटू नये म्हणून. मी व्हर्नियर काढून तिराच्या बोरूची जाडी मोजायला लागले. तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत, तीर अंगठ्याच्या नखावर उभा धरून गरकन फिरवलात आणि कानाशी नेलात. सरळ तीर गप्प फिरतो, वाकडा बोलतो. एकामागून एक नखावर फिरवत तुम्ही पास-नापास करत गेलात आणि मी बघत बसले. माझं खातं तुमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून चालू होतं.

शिकार तर कधीच बंद झाली होती. "कायदा आला तवा जनावरांच नवती उरली," असं तुम्ही सांगायचात. मी म्हणाले, बरं झालं बंद झाली ते. तुम्ही म्हणालात, "बराच झाला. पन हाताला कोन सांगनार?" म्हणून आपण पेंढा भरलेल्या गोणीवर नेम धरायचो.

पण एक नियम तुम्ही शिकारीबरोबर सोडला नव्हतात. सोडलेला तीर आणायचाच. चुकला, झुडपात गेला, ओढ्यापलीकडे गेला, तरी आणायचा. मी पहिल्यांदा म्हणाले होते, "जाऊ दे बाबा, माझ्याकडे डझनभर आहेत," तेव्हा तुम्ही तुमच्या आयुष्यात मला एकदाच रागावलात. जखमी जनावर अंगात तीर घेऊन रानात मरत पडतं, ते पाप आपलं, हे एक कारण. ते मला पटलं. दुसरं कारण मात्र तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत. जो तीर सापडत नाही तो पडलेलाच नसतो. तो जातच राहतो.

तुमच्या आजाचा असा एक तीर होता. गवत हललं म्हणून त्याने सोडला आणि परत कधी मिळाला नाही. तेव्हापासून तुमच्या घरात, दुपारी वारा पडलेला असला, पान हलत नसलं की कधीतरी कौलांवरून सूं करून काहीतरी निघून जातं. घरातलं सगळं माणूस त्या वेळी मान खाली घालतं आणि मग परत कामाला लागतं. मी हसले होते. मग त्या वैशाखात, ओट्यावर बसून मी तुमच्याशी वाद घालत होते, कोंबडीसुद्धा आवाज करत नव्हती, आणि डोक्यावरून ते गेलं. मी बघितलं तर तुम्ही दोघांनी माना खाली घातल्या होत्या. मीही घातली होती, मला कळलंही नव्हतं. सकूमावशी तांदूळ निवडतच म्हणाली, "आजा." एवढंच.

वाद कोणता चालला होता तेही आठवतं, कारण तो आपला संपलाच नाही. माझं म्हणणं, धनुष्य ओढून धरून ठेवता आलं हीच सगळ्यांत मोठी सुधारणा. माणसाला विचार करायला वेळ मिळतो. नेम नाही बसला तर सोडू नये, सावकाश परत उतरवावं. तुमचं म्हणणं नेमकं उलटं. "तानून धरला का मन येतं," तुम्ही म्हणायचात. "मन आला का भेव येतं. मंग तीर सुटतो त्यो भेवाचा सुटतो." मी म्हणायची, बाबा, हा अडाणीपणा आहे. तुम्ही म्हणायचात, तुजी सायकल तुला खोटा शिकवते. मी तुमचा कमठा घेतला की सवयीने ओढून थांबायची, दंड लटपटायचा, दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सपकन बसायची. हिरवानिळा वळ घेऊन मी कामावर जायची. तपासणी खात्यातल्या बाईला शोभेल असं ते नव्हतं.

तुमचा खोकला कधी सुरू झाला ते मला नक्की सांगता येत नाही, आणि याची मला लाज वाटते. एकदा कोरडा, मग जरा थांबून लागोपाठ दोनदा. इतका ठरलेला की मी तो तुमच्या बोलण्यातलाच भाग धरून चालले होते. मग तुम्ही वाळायला लागलात, तेव्हा मी तुम्हाला जवळजवळ ओढतच पालघरला नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि उजव्या बाजूच्या बरगड्यांमधे एक पांढुरका डाग बोटाने दाखवला. गोळ्या दिल्या. बजावून सांगितलं की दिवाळीनंतर हाच फोटो घेऊन या, डाग वाढला की घटला ते बघायचंय. स्कूटीवर मागे बसून तुम्ही तो भलामोठा फोटो दोन्ही हातांत धरला होता आणि सगळ्या वाटेवर त्यातून सूर्य बघत होतात.

आता जे झालं त्यात माझाही हात आहे. मीच तुम्हाला सांगितलं होतं की हल्ली तिरांना पिसं नसतात, प्लॅस्टिकच्या पात्या असतात, त्या भिजत नाहीत. तुम्ही घरात प्लॅस्टिक शोधलंत. दुधाची पिशवी लिबलिबीत, डब्याचं झाकण जाड. फोटोची फिल्म बेताची, ताठ आणि हलकी. पुढच्या रविवारी मी आले तर ओट्यावर तीन नवे तीर ठेवलेले, प्रत्येकाला तीन तीन काळ्या पात्या, दोऱ्याने घट्ट बांधलेल्या. मी एक उचलून उजेडात धरला आणि पातीत बरगडी दिसली.

मी तुम्हाला काय काय बोलले ते आठवून आता कान तापतात. अक्कल गहाण टाकलीत का, डॉक्टरांना आता काय दाखवू, तुमचं डोकं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "डाक्टरचा बघून झाला ना." मग त्या तिन्हींतला एक तीर तुम्ही नखावर फिरवलात. मला वाटलं होतं, डाग कुठे होता ते तुम्हाला माहीत नसेल. पण तुम्ही मुद्दाम बघून, ठरवून कापलं होतं. डाग त्या तिराच्या एका पातीवर होता, पूर्ण, कुठेही न तुटता. त्याच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या कडा.

"ह्यो तू सोड," तुम्ही म्हणालात. "तुज्या सायकलीनं. माज्यानं लांब नाय जायाचा."

मी विचारलं, तुमच्यात असं करतात का? तुम्ही म्हणालात, नाही, आमच्यात असं काही नाही, माझ्याच मनात आलं. मी तपासणीवाली. असा बोरूचा तीर कंपाउंडवर चढवायचा नसतो, फुटला तर हातात घुसतो. पण तुमच्या तोंडाकडे बघून मी किल्ली काढली, धनुष्याचे दोन्ही बोल्ट चार चार आटे सैल केले, ताण उतरवला आणि आपण पाड्यामागच्या उतारावर गेलो. नवरात्र जवळ आलं होतं, गवत कमरेएवढं. तुम्ही टेकडीच्या वरचं मोकळं आभाळ दाखवलंत. मी ओढलं, धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं. मग सोडलं.

पिसांचा तीर जवळजवळ मुका जातो. फिल्मच्या पात्या फडफडतात, त्यांचा आवाज होतो. तो तीर घरघर करत गेला. छाती भरलेलं माणूस चढावर श्वास घेतं तसा. आवाज बारीक होत टेकडीपलीकडे गेला आणि तो पडल्याचं काही मला ऐकू आलं नाही. मी सवयीने धनुष्य खाली ठेवून चालायला लागले, तर तुम्ही दंड धरलात.

"ह्यो नाय आनायचा. ह्याला जाव दे."

तीस-चाळीस रविवारांत तुम्ही नियम मोडलात तो हा एकदाच. पुढच्या रविवारी आले तर तुम्ही टेकडीच्या निम्म्या चढावर गवत कापत होतात. दिवसभर एकदाही खोकला नाही. सकूमावशीने मला सांगितलं नाही, फक्त तुमच्याकडे भुवया उडवून दाखवलं. मी म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. तुम्ही म्हणालात, "गेला ना त्यो. अजून जातोय."

आणि मी काय केलं, ते ऐका. माझ्या डोक्यात डॉक्टर बसले होते. डागाचा तुकडा मिळाला, बाकीच्या दोन तिरांच्या पात्या सोडवल्या आणि उरलेल्या फिल्मला चिकटपट्टीने जोडल्या तर फोटो पुन्हा तयार होतो, असा हिशेब मी मांडला. माझ्या कामात बिघडलेला नमुना फेकून देत नाहीत, जपून ठेवतात. त्यात तुमचाच नियम माझ्या हाडीमाशी भिनलेला. तीर रानात टाकून घरी जायचं मला जमेना. आठवडाभर मी कामावर अस्वस्थ होते. त्यानंतरच्या रविवारी सकाळी लवकर निघाले, पाड्यावर न येता टेकडीच्या पलीकडून चढले, तुम्ही शिकवलंत तसं तिरावरून नाही तर गवताच्या पडलेल्या रेषेवरून शोधत गेले. ऊन चढलं तसं सगळं स्तब्ध झालं. मग मला तो दिसायच्या आधी ऐकू आला. वारा नव्हता तरी गवतात काहीतरी बारीक घरघरत होतं. करवंदीच्या जाळीत तो आडवा अडकला होता, जमिनीला टेकलाच नव्हता. मी हात घातला आणि आवाज थांबला. डाग जसाच्या तसा होता.

पेटीत फोमखाली तो ठेवून मी खाली आले. तुम्ही ओट्यावर छाती धरून बसला होतात. मला बघून म्हणालात, "बाय, आज टेकडीकडून आलीस?" आणि मग खोकलात. एकदा. जरा थांबून दोनदा.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पेटी उघडायची, तीर काढायचा, तुमच्या हातात द्यायचा, तुम्ही म्हणाल तर परत सोडायचा. मी तोंड उघडलं आणि तुमच्यासाठी फरसाण आणलंय असं म्हणाले.

नंतरचे पाच रविवार तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्ही आधी टेकडी सोडलीत, मग अंगण, मग ओट्यावरची भिंतीकडची जागा तेवढी राहिली. मुंबईला नेते म्हटलं, तुम्ही नको म्हणालात. इकडे माझ्या घरी पेटी कपाटावर असायची. पंखा लावला की त्या खोलीत घरघर सुरू व्हायची. नवऱ्याने एकदा पेपर खाली ठेवून विचारलं, "कोणाला दमा आहे शेजारी?" पंखा बंद केला की थांबायची. फिल्मची पाती वाऱ्याने थरथरते, यात न कळण्यासारखं काही नाही. पण पेटी बंद असायची, बाबा. मी तिला वारा कुठून लागतो ते शोधायला पेटीच्या कडांवरून बोट फिरवलं. कुठेही फट नव्हती.

शेवटच्या रविवारी तुम्ही मला कमठा हातात घ्यायला लावलात. मी ओढला आणि थांबले. दोरी बसली, वळ उठला. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "अजून धरतेस." मला वाटलं तुम्ही कमठ्याबद्दल बोलताय.

दिवाळीनंतर तुमचा पाडा रिकामा होतो. घरंच्या घरं दारांना कड्या घालून वीटभट्ट्यांवर कामाला निघून जातात. डॉक्टरांकडे जायचा दिवस चार दिवसांवर होता, आणि पाड्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराचा फोन आला. मी पोचले तोवर शेजारच्या पाड्यावरून माणसं गोळा करून तुम्हाला स्मशानात नेलंही होतं. नवरा मला म्हणाला की फोटो कापला म्हणून कोणी मरत नाही आणि तीर आणला म्हणूनही मरत नाही, आजार हाताबाहेर गेला होता. त्याचं बरोबर आहे. मोजता येतं तेच खरं, असं मी रोज आठ तास सांगते. पण मी दिवस मोजले, बाबा. चौदा दिवस तुम्ही खोकला नाहीत आणि मी हात घातला त्या सकाळी खोकलात. हे मोजमाप मला कोणत्याही यादीत नापास करता येत नाही.

म्हणून काल गेले. पेटी ओट्यावर ठेवली, फोम उचलला, तीर काढून सकूमावशीच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. कुठे सापडला, कधी, का आणला, का गप्प बसले. ती शिव्या देईल अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने तीर उचलला, डागाची पाती उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"त्याला ठाव होता," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं?

"त्या रविवारी सकालचा ओट्यावर पडला होता. उठून बसला, मान खाली घातली. मला बोलला, आला परत. बायनं आनला."

मी म्हणाले, मग मला बोलले का नाहीत? माझ्यावर चिडले का नाहीत?

सकूमावशी हसली. तुम्ही गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण तिचा तिलाच नवल वाटल्यासारखा चेहरा झाला. "मी बी तसाच बोलले. मांगून घे, बोलले, परत सोड. तर बोलतो कसा, सोडला त्यो आनायचा, ह्ये तिला मीच शिकवला. ती शिकली. आता कोनत्या तोंडानं रागवू?"

बाबा, मी तिथेच ओट्यावर बसून रडले. पाच आठवडे आपण दोघंही समोरासमोर बसून एकच गोष्ट ताणून धरली होती. तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात की धरू नये, आणि माझ्यासाठी धरलीत. माझ्या रडण्याने काही होणार नव्हतं. सकूमावशीने मला रडू दिलं, मग आतून तुमचा कमठा आणला, पायाच्या अंगठ्यात टोक दाबून दोरी चढवली आणि माझ्या हातात दिला.

"त्याचा हाय. त्याला दे."

ऊन उतरायला लागलं होतं. अंगणाच्या कडेला उभी राहिले, टेकडीकडे तोंड केलं. दोन्ही डोळे उघडे ठेवले. या वेळी मी थांबले नाही. विचार यायच्या आत हात छातीशी आला आणि दोरी सुटली. कोपराला काही लागलं नाही. तीर घरघर करत वर गेला, गवताच्या वरून, टेकडीच्या वरून, आवाज बारीक होत गेला आणि पडल्याचं काही ऐकू आलं नाही.

मी कमठा ओट्यावर ठेवला आणि चालायला लागले. आता ही सवय जायची नाही. सकूमावशीने मागून ओढणी धरून मला खाली बसवलं.

"बस तू," ती म्हणाली. "दर टायमाला तूच आनशील? आता त्याला आनू दे."

आम्ही दोघी बसलो. समोरच्या घरांना कड्या, अंगणात कोंबडी नाही, एक पान हलत नव्हतं. बराच वेळ गेला. मग टेकडीच्या अंगाला कोणीतरी खोकलं. एकदा. जरा थांबून दोनदा. शेळ्या चारणारं कोणी असेल असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण पाड्यावर शेळी उरलेली नव्हती, हे मी येतानाच पाहिलं होतं. सकूमावशीने टेकडीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने तुमच्या कमठ्याची दोरी उतरवली, तो भिंतीला उभा टेकवला, आणि जरा सरकून ओट्यावर भिंतीकडची जागा मोकळी केली.